आडात होतं ते

इलीवरचा बर्फ तडकू लागतो
त्या आठवड्यात, दरवर्षी,
मी फळ्यावर चार प्रश्न लिहिते.
कारण न्याय्य होतं का?
हुकूम देणाऱ्याला तो अधिकार होता का?
दुसरी वाट खरंच उरली नव्हती का?
मारलं ते मोजून मारलं का?

वीस कॅडेट वहीत उतरवून घेतात.
बाहेर मैदानात कवायतीचे बूट
चिखलात रुततात, चपापत निघतात.
उदाहरण मी लांबून आणत नाही.
झुंगार आणि कझाक, तीनशे वर्षांपूर्वी,
हेच गवत.

पहिल्या प्रश्नाला सगळे हात वर.
ते चालून आले. आपण पळालो, अनवाणी,
तळवे सोलून पांढरे पडेपर्यंत.
अजून काय कारण हवं, मॅडम?
बरोबर, म्हणते मी. पण ते का आले?
त्यांच्या पूर्वेला तोफांचं राज्य होतं,
कुरणं आखडत चालली होती;
त्याआधी आपण त्यांचे घोडे हाकलून आणले होते,
त्याआधी त्यांनी आपले.
आपल्यात पोराला सात बाप पाठ असावे लागतात.
कारणाला किती?

बेगायदार, मागच्या बाकावरचा,
पेनाचं टोपण चावत बसतो.

घोडे हाकलायचाही कायदा होता आपला, सांगते मी:
आधी मागणी, मग पंचांच्या कानावर,
मग दिवसाढवळ्या.
न सांगता रात्री नेलेला घोडा चोरीचा.
पोरं हसतात. त्यांना हे आवडतं,
की पुस्तकातलं सगळं
आपल्या म्हाताऱ्यांना घोड्यावर बसल्या बसल्या ठाऊक होतं.

मग मी खडू ठेवते.
पुढचं अभ्यासक्रमात नाही.

माझ्या सात बापांतला सातवा, तुयाकबाय,
विहिरी खणायचा.
नऊ-नऊ परस खोल, आतून
सक्सौलच्या फांद्यांनी विणलेल्या, टोपलीसारख्या.
पळापळीच्या त्या वसंतात सरदाराचा हुकूम आला:
मागे पाणी ठेवायचं नाही.
त्याच्याकडे एक लंगडणारी घोडी होती, गाभण.
तिला काठाशी आणून त्याने मारलं
आणि आत लोटलं.

लावा आता चार प्रश्न.
कारण? होतं.
अधिकार? होता.
दुसरी वाट? शत्रू दीड दिवसावर.
मोजून? एक घोडी.
चारही खुणा बरोबरच्या. मी स्वतः करते,
लाल खडूने.

दोन वर्षांनी तो परतला, विहीर उपसायला.
चिखल, हाडं, चिखल, खूर,
आणि मग पोहऱ्यात
एक बूट. वीतभरही नाही.
लोकरीच्या दोरीने घोट्याशी आवळलेला,
गाठ दोनदा मारलेली, घट्ट,
जशी आई मारते.

तहानेने वेडी झालेली माणसं
दोराला हलकं पोर बांधून खाली सोडतात.
हे कुणी पाहिलं नव्हतं. तो विहिरीचा माणूस,
त्याला पाहायची गरज नव्हती.

बुटाचं टोक वर वळलेलं असतं तर त्यांचं पोर.
सरळ असतं तर आपलं,
मागे रेंगाळलेल्यांपैकी कुणाचं तरी.
टोक कुजून गेलं होतं.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात.
आडात होतं.

वर्ग गप्प. नळ ठिबकतोय कुठेतरी.
बेगायदार हात वर करतो:
मॅडम, परीक्षेत काय लिहायचं?
न्याय्य, की अन्याय्य?
मी म्हणते, चारही उत्तरं लिही. कारणांसह.
पैकीच्या पैकी मिळतील.

घंटा होते. बूट निघून जातात.

आमच्या घरात एवढंच सांगतात,
की त्यानंतर तुयाकबायने खणलेल्या प्रत्येक विहिरीला
आतून पायऱ्या असायच्या, फांद्यांच्या,
तळापर्यंत,
इतक्या जवळजवळ
की मोठ्या माणसाचा पाय अडखळावा.
कुणी विचारलं तर म्हणायचा,
लाकूड उरलं होतं.

त्या मुलुखात, जिथे लाकूड
कधीच उरत नाही.